भाताच्या खाचराला आणि डोंगरवाटेला एकच गाडी?

पत्र : मी ऐरोलीला राहतो. मुरबाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित सहा एकर जमीन आहे. त्यातली अडीच एकर भाताची खाचरे, उरलेला उतारावरचा वरकस माळ असून त्यावर आंब्या-काजूची कलमे लावली आहेत. विहीर पायथ्याशी आहे. साडेपाचशे सीसीच्या पुढची एक जड, कामाच्या वर्गातली एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी, मोटारसायकलसारखे स्वार होऊन चालवायची उघडी चारचाकी) मला साडेआठ लाखांना मिळते आहे. ती शेतातली सगळी ओढकामे करील आणि सुट्टीच्या दिवशी मला व माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला डोंगरवाटांवर फिरताही येईल, असा विचार आहे. वडील म्हणतात, पॉवर टिलर घे. आपण काय सुचवाल? — एक वाचक, ऐरोली

सप्रेम नमस्कार,

तूर्त ही गाडी घेऊ नये, असे माझे मत आहे. आपल्या वडिलांचे म्हणणे खाचरांपुरते पूर्ण बरोबर आहे आणि माळापुरते अर्धेच बरोबर आहे. डोंगरवाटांचा विषय मात्र शेतीच्या हिशेबातून बाहेर काढूनच सोडवावा लागेल, कारण साडेआठ लाखांतला बराचसा भाग आपण त्या हौसेसाठी मोजत आहात, असे पत्र वाचताना वाटते. हौसेला माझी हरकत नाही, पण तिचा खर्च शेतीच्या खात्यावर टाकला की दोन्हींचा हिशेब चुकतो.

आधी खाचरांचे पाहू. एटीव्हीच्या माहितीपत्रकातला अश्वशक्तीचा आकडा मोठा दिसतो. पोलारिस कंपनीने काही वर्षांपूर्वी भारतात ट्रॅक्टर प्रवर्गात आणलेल्या स्पोर्ट्समन ५७० या मॉडेलचे इंजिन ५६७ सीसीचे आणि ३४ अश्वशक्तीचे होते. आपल्याकडचे पुष्कळ मिनी ट्रॅक्टर वीस ते पंचवीस अश्वशक्तीचे असतात, तेव्हा एटीव्ही त्यांच्यापेक्षा जास्त काम करील असा समज सहज होतो. प्रत्यक्षात एटीव्हीचे पेट्रोल इंजिन ती ताकद चढ्या फेऱ्यांवर देते, तर ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर, जड चाकांवर आणि संथ गिअरमध्ये तासन् तास ओढू शकते. याहून महत्त्वाची बाब अशी, की एटीव्हीला पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, नसतो, मागची तीन बिंदूंची जोडणी नसते आणि अवजार उचलणारे हायड्रॉलिकही नसते. म्हणजे रोटाव्हेटर, मळणीयंत्र किंवा पीटीओवर चालणारा फवारणी पंप यांपैकी काहीही तिला जोडता येणार नाही. बाहेरच्या देशांत तिच्यामागे छोटे दाताळे किंवा डिस्क ओढतात, पण ते मोकळ्या, भुसभुशीत जमिनीत. जून-जुलैमध्ये गुडघाभर पाण्यात चिखलणी करायची असेल तर तिचा काही उपयोग नाही. त्या कामाला लोखंडी केज व्हील आणि फिरती पाती असलेला पॉवर टिलरच लागतो. एटीव्हीच्या टायरांच्या नक्षीत आपल्याकडचा चिकट गारा एकदा भरला की चाके नुसती जागच्या जागी फिरतात आणि गाडी पोटावर टेकते.

शिवाय बांधांचा प्रश्न आहेच. मुरबाड-शहापूरकडची खाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक उतरत जातात आणि मधला बांध पुष्कळदा माणूस चालेल एवढाच असतो. सव्वातीनशे किलोच्या आसपास वजनाची आणि चार फूट रुंदीची गाडी अशा बांधावर चालू शकत नाही. ती बांध ओलांडूनच जाणार आणि पावसाळ्यात दोन-चार वेळा ओलांडला की बांध खचणार. खालचे खाचर दुसऱ्याचे असेल तर बांध फुटल्यावर पुढे काय होते, हे गावाकडच्या माणसाला सांगण्याची गरज नाही.

माळाची गोष्ट मात्र निराळी आहे आणि या ठिकाणी मी आपल्या बाजूला झुकतो. कलमांच्या बागेत नांगरटीपेक्षा ने-आणच जास्त असते. खताच्या पिशव्या वर न्यायच्या, उन्हाळ्यात कोवळ्या कलमांना पाणी पोहोचवायचे, फवारणीची टाकी फिरवायची, मे महिन्यात आंब्याचे क्रेट खाली आणायचे, गवत आणि छाटलेल्या फांद्या ओढायच्या. या कामांना एटीव्ही चांगली आहे. तिच्या रुंद टायरांत साधारण पाच ते सात पीएसआय इतकीच हवा असते, त्यामुळे तिचे वजन जमिनीवर पसरते आणि झाडांच्या मुळांभोवतीची माती ट्रॅक्टरच्या चाकाखाली दबते तेवढी दबत नाही. जमिनीपासूनची उंची जवळपास अकरा इंच असल्याने दगडगोट्यांतून ती निघते, चारही चाकांना ताकद देता येते आणि दोन झाडांच्या ओळींमधून सहज वळते. डोक्यावरून किंवा कावडीने माल वाहणारी माणसे आता गावात मिळत नाहीत, हे आपण पत्रात लिहिले नसले तरी खरेदीचा विचार मनात येण्यामागे तेही कारण असणार, असा माझा अंदाज आहे.

पण ‘हेवी ड्यूटी’ या शब्दांवर विसंबू नका, आकडे पाहा. या वर्गातल्या गाड्यांच्या पुढच्या रॅकची क्षमता साधारण चाळीस किलो आणि मागच्या रॅकची ऐंशी किलोच्या आसपास असते. युरियाची पिशवी ४५ किलोची येते. म्हणजे पुढे एक पूर्ण पिशवी नियमाने ठेवता येत नाही आणि मागे दोन ठेवल्या तरी मर्यादा ओलांडली जाते. दोनशे लिटरचा पाण्याचा पिंप रॅकवर चढवण्याचा विचारच करू नये. खरी वाहतूक मागच्या ट्रॉलीनेच होते आणि ओढण्याची मर्यादा ट्रॉलीचे स्वतःचे वजन धरून साडेपाचशे ते सहाशे किलो असते. ट्रॉली दीडशे किलोची धरली तर माल चारशे किलोंचा, म्हणजे वीस-वीस किलोंचे वीस क्रेट, आणि तेही सपाटीवर. आपल्या उतारावर मी त्याच्या निम्मेच भरीन. दर फेरीला दहा क्रेट उतरवायचे असतील तर तेच काम मिनी ट्रॅक्टरची ट्रॉली किती फेऱ्यांत करील, आणि ती ट्रॉली आपल्या माळावर निम्म्यापर्यंत तरी चढते का, हे एकदा जागेवर पाहून घ्यावे. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या सगळ्या प्रश्नाची किल्ली या एका पाहणीत आहे. ट्रॅक्टर वरपर्यंत जात असेल तर एटीव्हीची गरज फार उरत नाही. जात नसेल आणि कलमे फळावर आली असतील, तर तिचा विचार गंभीरपणे करता येतो.

उताराचा विषय निघालाच आहे, तर या वाहनाचा सर्वांत मोठा दोष स्पष्ट सांगितला पाहिजे. एटीव्ही उलटते. बसणारा घोड्यावर बसावा तसा उंचावर बसतो, चाकांमधले अंतर कमी असते, डोक्यावर कसलेही संरक्षण नसते आणि गाडी कलंडली की तिचे सगळे वजन चालकावर येते. सत्तरच्या दशकात ही वाहने तीन चाकांची होती. त्यांचे अपघात इतके वाढले की १९८८ साली अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोग आणि उत्पादक यांच्यात न्यायालयीन तडजोड होऊन तीनचाकींची विक्री तिथे थांबली. चौथे चाक आल्याने धोका कमी झाला, पण संपला नाही. ऑस्ट्रेलियात शेतावरच्या मृत्यूंमध्ये या गाड्यांचा वाटा इतका मोठा ठरला, की ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या शेतकी क्वाडबाइकवर (एटीव्हीचेच तिथले नाव) मागच्या बाजूला चालक-संरक्षक चौकट आणि स्थिरतेची किमान पातळी सक्तीची झाली. त्यावर होंडा, यामाहा, पोलारिस यांसारख्या कंपन्यांनी तिथल्या बाजारातून हे वाहन काढून घेतले. ज्या देशात मैलोन् मैल सपाट कुरणे आहेत तिथली ही कथा आहे. आपला माळ तर सह्याद्रीच्या पायथ्याचा.

म्हणून कधी काळी ही गाडी घेतलीत तर उताराला आडवे जाऊ नये, चढाव-उतार शक्यतो सरळ रेषेत करावा. फवारणीची टाकी अर्धी भरलेली असली की आतले पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि तोल जातो, त्यामुळे आतून आडपडदे असलेली टाकी घ्यावी. ओढायचे ओझे नेहमी खालच्या हुकालाच बांधावे. लाकडाचा ओंडका रॅकला दोरी बांधून ओढला तर पुढची चाके उचलली जाऊन गाडी मागे पडू शकते. उतरताना ब्रेक नसलेली भरली ट्रॉली गाडीला मागून ढकलते. यांतल्या बहुतेक गाड्यांना पट्ट्यावर चालणारे सीव्हीटी, म्हणजे वेगाप्रमाणे गिअर आपोआप जुळवणारी यंत्रणा, असते आणि इंजिनाच्या फेऱ्या अगदी कमी झाल्या की पट्टा सैल पडून इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊ शकतो. उतारावर इंजिन ब्रेकिंग देणारी व्यवस्था काही मॉडेलांत असते, काहींत नसते. आपल्या जमिनीसाठी ती नसलेली गाडी मी नापसंत करीन. बजेट वाढवण्याची तयारी असेल तर दोघे शेजारी-शेजारी बसतात ती, स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि वर मजबूत चौकट असलेली, मागे सामानाचा हौदा असणारी यूटीव्ही शेतकामाला अधिक शहाणपणाची ठरते.

आपल्या मुलाबद्दल थोडक्यात आणि ठामपणे सांगतो. या आकाराची गाडी सोळा वर्षांखालील कोणीही चालवू नये, असा इशारा उत्पादकच गाडीवर चिकटवून देतात आणि एकाच बैठकीच्या गाडीवर मागे कोणाला बसवू नये, असा दुसरा इशाराही त्याच पट्टीवर असतो. चालकाला वळणावर अंग एका बाजूला झुकवून तोल सांभाळावा लागतो. मागे माणूस असला की ते जमत नाही. म्हणजे मुलाने चालवायची नाही आणि आपल्या मागे बसायचेही नाही. ‘आपलेच तर शेत आहे’ या युक्तिवादाने गाडीचे वजन कमी होत नाही.

आता कायद्याकडे येऊ. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेल्या खास वाहनाला मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळले आहे. अनेक विक्रेते याच ओळीचा आधार देऊन बिननोंदणीची एटीव्ही विकतात. रिसॉर्टच्या आवारातल्या मातीच्या ट्रॅकवर ते चालून जाते. आपली जमीन चारी बाजूंनी बंदिस्त नाही आणि खाचरांकडून माळाकडे जाताना, बहुतेक गावांत असते तशी, पाणंद वापरावी लागत असेल. लोकांना जिथून जाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक वाट या कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक जागा ठरते, मग ती डांबरी असो वा चिखलाची. तिथे नोंदणी आणि त्रयस्थ व्यक्तीचा विमा दोन्ही लागतात. नोंदणी नसलेले वाहन चालवल्यास पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे, पण माझी चिंता दंडाची नाही. पाणंदीत कोणाला धक्का लागला आणि विमा नसला, तर भरपाई थेट आपल्या खिशातून जाईल. तेव्हा ट्रॅक्टर म्हणून मान्यता मिळालेलेच मॉडेल बघावे आणि पैसे देण्यापूर्वी त्या मान्यतेचा कागद घेऊन स्वतः आरटीओत विचारून यावे. नोंदणी झाली म्हणून ती कल्याण-मुरबाड रस्त्यावर पळवावी असेही नाही. कमी हवेचे टायर डांबरावर लवकर झिजतात आणि वेगात वळताना पकड सोडतात. बहुतेक उत्पादक पक्क्या रस्त्यावर न चालवण्याचाच सल्ला देतात.

डोंगरवाटांबाबत मात्र आपली निराशा करावी लागणार आहे. या गाड्यांच्या जाहिरातींत दिसणाऱ्या वाटा अमेरिकेतल्या आहेत. तिथे युटामधील पायूट ट्रेल किंवा वेस्ट व्हर्जिनियातील हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्स अशा शेकडो मैलांच्या वाटा खास मोटारवाहनांसाठी आखून, देखभाल करून खुल्या ठेवलेल्या आहेत. तिथल्या वनखात्याच्या अनेक वाटांवर पन्नास इंचांपेक्षा रुंद वाहनाला बंदी असते, म्हणून एटीव्हीची रुंदी अठ्ठेचाळीस इंचांच्या आसपास ठेवली जाते. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. मुरबाडच्या डोंगरातल्या वाटा गुराख्यांच्या, देवदर्शनाच्या आणि गिर्यारोहकांच्या पायवाटा आहेत. त्या अनेक ठिकाणी चार फूट रुंद नाहीत, आणि जिथे आहेत तिथे बहुधा वन विभागाची हद्द लागते. राखीव वनात विनापरवाना शिरणे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. सिद्धगडचा परिसर भीमाशंकर अभयारण्यात मोडतो आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. घराजवळ पाहू गेल्यास येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तर ऐरोलीच्या मागची खाडी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येते, तेव्हा कांदळवनाच्या कडेच्या बंधाऱ्यांवर गाडी घालण्याचा मोहही सोडलेला बरा. माथेरानला तर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून मोटारींना आधीपासूनच मज्जाव आहे.

मग हौस भागवायची कशी? महिन्यातून एखाद्या वेळी एटीव्ही चालवण्याचा आनंद घ्यायचा असेल, तर कर्जत-लोणावळ्याकडच्या आवारांत ती भाड्याने मिळते. पण आपल्याला खडबडीत वाटेने दूर फिरायचे असेल, तर हिरो एक्सपल्ससारखी मातीवर चालणारी आणि रीतसर नोंदणी झालेली मोटारसायकल एटीव्हीच्या किमतीच्या एका लहान हिश्श्यात येते. ती ऐरोलीहून स्वतःच्या चाकांवर मुरबाडला जाते, गावांना जोडणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर कायदेशीर चालते आणि त्या रस्त्यांची आपल्या जिल्ह्यात कमतरता नाही. मुलालाही हेल्मेट घालून मागे बसवता येते.

देखभालीबद्दल दोन-तीन गोष्टी, ज्या विक्रेते सहसा सांगत नाहीत. परदेशी बनावटीच्या एटीव्हींच्या पुस्तिकांत साधारणपणे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या पेट्रोलची मुभा दिलेली असते. आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचे पेट्रोल सर्रास मिळते. शहरातला माणूस शेतावर ठेवलेली गाडी चार-सहा आठवडे चालूच करीत नाही, आणि दमट हवेत असे पेट्रोल टाकीत पडून राहिले तर ते पाणी शोषते. इंजेक्शनची प्रणाली आणि इंधन पंप यांना ते मानवत नाही. आपण घेत असलेल्या मॉडेलला वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल चालते का, हे लेखी घ्यावे. सीव्हीटीच्या पेटीत ओढ्याचे पाणी गेले की पट्टा घसरतो आणि जड ओझे वरच्या गिअरमध्ये ओढले की तो जळतो, म्हणून ओझे असताना नेहमी लो गिअर वापरायचा आणि एक पट्टा सुटा विकत घेऊन ठेवायचा, कारण ऐन आंब्याच्या हंगामात तो मागवून वाट बघत बसणे परवडणारे नाही. हवा मोजण्याचे मीटरही कमी दाबाचे वेगळे घ्यावे लागते. मुरबाड नाक्यावरच्या पंक्चरवाल्याच्या मीटरवर पाच आणि आठ पीएसआयमधला फरक कळत नाही, आणि एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला पाच असेल तर गाडी एकीकडे ओढते. गोठ्याच्या पडवीत ठेवणार असाल तर उंदरांपासून वायरिंग सांभाळा.

आता माझा प्रत्यक्ष सल्ला. खाचरांसाठी पॉवर टिलर घ्या. एटीव्हीच्या किमतीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात तो येतो. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर आधी अर्ज करा आणि पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका, नाहीतर अनुदान हातचे जाईल. टिलरला छोटी ट्रॉली जोडता येते, त्यामुळे पायथ्याकडची ने-आण त्यानेच भागेल. माळावर पाणी चढवण्यासाठी वाहन वापरणे मुळातच महाग आहे. विहिरीवरच्या पंपाने माथ्यावर एक टाकी भरून तिथून ठिबकच्या नळ्या खाली सोडल्या, तर आपल्या यादीतले सर्वांत जड काम कायमचे संपते. राहिले खत आणि फळे. त्यांसाठी येत्या हंगामात गावातला मिनी ट्रॅक्टर तासाने लावून पाहा आणि किती क्रेट, किती फेऱ्या, कुठपर्यंत वाहन पोहोचले याची वहीत नोंद ठेवा.

कलमे भर फळावर आल्यावर ट्रॅक्टर जिथे पोहोचत नाही अशा वरच्या टप्प्यातून रोज पंधरा-वीस क्रेट उतरवण्याची वेळ आली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा ट्रॅक्टर प्रवर्गात नोंदणी होणारी, इंजिन ब्रेकिंग असलेली आणि मागे संरक्षक चौकट बसवता येईल अशी गाडी कोणती, यावर बोलता येईल. ती चालवणारा गावात रोज हजर असलेला माणूस असावा आणि त्याच्याकडे परवाना असावा, एवढे मात्र आजच ठरवून ठेवा, कारण आपण आठवड्याचे पाच दिवस ऐरोलीत असता आणि आंबा रविवारची वाट पाहून पिकत नाही.